माजघरांतला प्रिंटर

एकत्र कुटुंबांत कोणती वस्तु सर्वांची आणि कोणती ज्याची त्याची, हें ठरविण्याचें काम आमच्या वाडवडिलांनीं फार सफाईनें केलेलें होतें. जातें, उखळ, पाटा-वरवंटा, आडावरचा रहाट, पंचांग आणि देवघर हीं सर्वांचीं. अंथरूण, पेटी आणि संध्येची पळी-पंचपात्री ज्याची त्याची. छत्रीसंबंधानें मात्र वाद होत, व तो वाद याज्ञवल्क्यालाहि मिटवितां आला असता असें मला वाटत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वाशीमच्या वाड्यांत या जुन्या यादींत एका नव्या वस्तूची भर पडली. ती वस्तु म्हणजे प्रिंटर. ती सर्वांची कीं एकट्याची, हें ठरावयास आम्हांला जवळ जवळ दोन वर्षें लागलीं, आणि तें ठरतां ठरतां घरांतील दुसऱ्या कांहीं गोष्टीहि ठरून गेल्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घराची ओळख करून देणें अवश्य आहे. आम्ही तिघे भाऊ. मी सर्वांत वडील. संस्कृत शिकवून निवृत्त झालों. मधला शेती पाहतो. रिसोडच्या रस्त्यावर आमची थोडी जमीन आहे, तींत सोयाबीन व तूर होते. धाकटा करसल्लागार असून त्याची कचेरी बाजारांत आहे. मधली भावजय शाळेंत शिक्षिका. तिचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीचें काम २०२० च्या टाळेबंदीपासून घरीं बसूनच करतो, व मुलगी कायद्याचा अभ्यास करते. एक बहीण, ती लग्न होऊन १९८८ सालीं अमरावतीस गेली. वडील २०११ सालीं वारले. त्यांच्या मागेंहि चूल एकच राहिली; संगणक मात्र पांच झाले. आजोबांच्या वेळीं घरांत माणसें एकोणीस होतीं आणि दौत एक होती.

संगणक आले म्हणजे कागद नाहींसा होईल, असें भविष्य आम्ही पुष्कळ वर्षें ऐकत होतों. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. तोंपर्यंत जिल्ह्याच्या कचेरींतील एखाद्या कागदासाठीं अकोल्याची खेप घालावी लागे, व म्हणून माणसें कागद मागतहि बेतानेंच. आतां सातबाऱ्याचा उतारा डिजिटल सहीनिशीं घरबसल्या मिळतो, आणि मिळतो म्हणूनच प्रत्येकजण तो मागतो. पीकविम्याची पावती, परीक्षेचें प्रवेशपत्र, चांचणीच्या प्रश्नपत्रिका, आगगाडीचें तिकीट (तें मोबाइलवर दाखविलें तरी चालतें, परंतु आमच्या मधल्या बंधूचा त्यावर विश्वास नाहीं), आणि माझ्या जुन्या पोथ्यांच्या नकला, या साऱ्यांना कागद लागतोच. आमचें हें गांव म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. द्वितीय विंध्यशक्तीचें दानपत्र येथलेंच; तें तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलें असल्यामुळें त्याला शाई लागली नाहीं, आणि दीड हजारांहून अधिक वर्षें तें टिकलें. आमच्या सातबाऱ्याचा कागद मात्र पुढच्या हंगामांत जुना ठरतो.

प्रिंटर आणला धाकट्यानें. तेव्हां तो साहजिकच त्याच्या खोलींत, त्याच्या संगणकाला तारेनें जोडला गेला. ज्याला कांहीं छापावयाचें असेल त्यानें आपला मजकूर पेनड्राइव्हवर घ्यावा, जिना उतरावा, धाकट्याच्या दारावर टिचकी मारावी, आणि तो फोनवर कोणा अशिलाशीं बोलत असेल तर उंबऱ्याशीं उभें राहावें, असा क्रम होता. पेनड्राइव्हबरोबर एका संगणकाचा रोग दुसऱ्यास जडे तो वेगळाच. पुढें पुतण्यानें त्याच संगणकाच्या द्वारें तो प्रिंटर इतरांस मोकळा करून दिला. म्हणजे वरच्या मजल्यावरून आज्ञा द्यावी, ती घरच्या जाळ्यांतून खालच्या संगणकाकडे जावी, आणि त्यानें ती प्रिंटरच्या कानांत सांगावी. ही सोय ऐकावयास गोड आहे, परंतु तींत एक मेख आहे. मधला संगणक जागा असला पाहिजे. धाकटा परगांवीं गेला, किंवा त्याचा संगणक नुसता डोळे मिटून बसला, कीं साऱ्या घराची छपाई बंद. एके दिवशीं भावजय भाकरी थापतां थापतां सहज म्हणाली, "भाऊजी गावाला गेले की आमच्या शाळेची परीक्षा पुढं ढकलावी लागते." सगळे हंसले, धाकटा हंसला नाहीं. ज्याच्या खोलींत जातें, त्याच्याकडे रोज पीठ मागावयास जाणें कोणालाच आवडत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर ज्याच्याकडे रोज कोणी मागावयास येतें, त्यालाहि तें आवडत नाहीं.

ही अडचण आमच्याच वाड्याची, अशी माझी समजूत होती. परंतु पुतण्यानें जी हकीकत सांगितली ती ऐकून मी चकित झालों. ज्या 'ईथरनेट'च्या तारांनीं आज जगांतील कचेऱ्या जोडलेल्या आहेत, त्यांचा जन्मच मुळीं एका सामाईक प्रिंटरच्या निमित्तानें झाला. कॅलिफोर्नियांत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७० नंतरच्या वर्षांत दोन नवलाच्या वस्तु सिद्ध होत होत्या. एक, प्रत्येकाला स्वतंत्रपणें वापरतां येईल असा 'आल्टो' नांवाचा संगणक. दुसरी, गॅरी स्टार्कवेदर यांच्या कल्पनेंतून निघालेला लेझर प्रिंटर, जो सेकंदाला एक पान छापी. संगणक पुष्कळ आणि प्रिंटर एक! सर्वांना त्या एकाशीं जोडावें कसें, हा प्रश्न रॉबर्ट मेटकाफ या तरुणाकडे आला, व २२ मे १९७३ रोजीं लिहिलेल्या टिपणांत त्यानें आपल्या योजनेला ईथरचें नांव दिलें. प्रकाश ज्यांतून वाहतो असें जुने पाश्चात्य पदार्थविज्ञानी मानीत, तें सर्वव्यापी द्रव्य म्हणजे ईथर. शब्द हा ज्याचा गुण असें आमचे नैयायिक म्हणतात, त्या आकाशाचें तें दूरचें भावंडच. पदार्थविज्ञानानें टाकून दिलेला हा ईथर प्रिंटरवाल्यांनीं उचलला आणि संसाराला लावला. त्याची पद्धतहि मोठी घरगुती आहे. बोलण्यापूर्वीं दुसरा कोणी बोलत नाहींना हें ऐकावें. दोघे एकदम बोलले तर दोघांनींहि थांबावें. आणि पुन्हां किती वेळानें बोलावें तें प्रत्येकानें आपापलें, कसल्याहि ठरीव नियमाशिवाय ठरवावें, म्हणजे पुन्हां टक्कर होण्याचा संभव कमी. हवाई बेटांवरील विद्यापीठांत १९७१ सालीं चालू झालेल्या रेडिओच्या जाळ्यावरून मेटकाफ यांना ही कल्पना सुचली. आमच्या पंगतींत ही शिस्त आजोबा हयात होते तोंवर पाळली जात असे.

तर आमच्याहि घरीं ठरलें कीं, प्रिंटर कोणा एकाच्या संगणकाचा आश्रित नसावा. त्यानें जाळ्यांत स्वतःच्या नांवानें स्वतंत्र राहावें. जागा ठरली माजघर. तेथें कोणी निजत नाहीं, तेथें कोणाचें दार लागत नाहीं, आणि इन्व्हर्टरची तार तेथपर्यंत आधींच गेलेली होती. पुतण्यानें प्रथम बिनतारी जोडणी करून पाहिली. बिनतारी लहरी आमच्या यंत्रांत दोन प्रकारच्या: २.४ गिगाहर्ट्झची संथ परंतु दूर जाणारी, व ५ गिगाहर्ट्झची वेगवान परंतु भिंतीपुढें लवकर थकणारी. स्वस्त घरगुती प्रिंटर बहुधा पहिलीच जाणतात. ओटीवर राउटर, माजघरांत प्रिंटर, आणि मध्यें वीट व पांढऱ्या मातीची दीड हात जाड भिंत! आमच्या पणजोबांनीं ती उन्हाळ्याच्या झळा अडविण्यासाठीं बांधली. ती लहरीहि अडवूं लागली. एक कागद निघे, दुसरा न निघे. अखेर पुतण्यानें तार आणली. अशी तार १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. आम्हांला पंधरा मीटरहि लागली नाहीं. भिंतीला नवीन भोंक पाडण्यास मी मनाई केली होती. वडिलांच्या टोपीची लांकडी खुंटी जेथें होती व जी मागेंच कुजून पडली होती, तिचें भोंक आरपार करून तार तेथून नेली.

पत्त्याचें प्रकरण मला सर्वांत मनोरंजक वाटलें. घरांतील प्रत्येक संगणकास, फोनास व प्रिंटरास राउटर एक आंकडी पत्ता देतो. १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते, व तसेच आणखी दोन समूह, केवळ घरगुती व खाजगी जाळ्यांसाठीं १९९६ सालीं नियम करून राखून ठेवलेले आहेत. आमच्या प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५०. वाचकहो, तुमच्याहि घरीं याच पत्त्यावर कोणी राहत असेल, आणि त्याचा आम्हांला कांहींएक उपद्रव नाहीं. माजघर कांहीं एकाच वाड्याला असतें असें नाहीं. परंतु राउटर हा पत्ता कायमचा देत नाहीं, मुदतीनें देतो. वीज जाऊन आली, सारीं यंत्रें पुन्हां जागीं झालीं, कीं कालचा पत्ता आज दुसऱ्याच्याच पदरीं पडण्याचा संभव असतो. संगणक बिचारे जुन्या पत्त्यावर हांका मारीत बसतात व म्हणतात, प्रिंटर नाहीं. ज्यांचा प्रिंटर असा वरचेवर 'हरवतो', त्यांतील पुष्कळांचा हरवलेला नसतो. त्यानें बिऱ्हाड बदललेलें असतें. यावर उपाय असा: प्रत्येक यंत्रास कारखान्यांतच एक बारा अंकाक्षरांचा क्रमांक मिळालेला असतो. तो राउटरांत नोंदवून, या क्रमांकाच्या यंत्रास हाच पत्ता राखून ठेव, असें त्यास एकदां बजावलें कीं झालें. पाहुण्यांसाठीं वेगळें जाळें केलें असेल तर त्यांतून प्रिंटर दिसत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. आमच्या जांवईबापूंनीं एक सबंध दुपार त्याच्या शोधांत घालविली.

प्रिंटर माजघरांत गेला आणि दुसरी अडचण उभी राहिली. आज्ञा वरच्या मजल्यावर, कागद खालीं. मध्येंच कागद अडकला तर वरच्याला कळावें कसें? दहा मिनिटांनीं जिना उतरून यावें तों यंत्राचा लाल दिवा लुकलुकत असावा आणि मागें तिघांचीं कामें रांगेंत उभीं असावींत. हीच चीड अमेरिकेंत एका माणसाला आली व तींतून एक मोठी चळवळ निघाली. एम. आय. टी. या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. तेथील जुन्या प्रिंटरच्या प्रणालींत त्यांनीं अशी सोय केलेली होती कीं, यंत्र अडलें म्हणजे ज्यांचीं कामें खोळंबलीं त्यांच्या पडद्यावर सूचना उमटावी. १९८० च्या सुमारास नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रणालीचा मूळ मजकूर मात्र मिळेना. दुसऱ्या एका विद्यापीठांतील ज्या गृहस्थापाशीं तो होता, त्यानें तो कोणास देणार नाहीं असें वचन दिलेलें असल्यामुळें साफ नकार दिला. स्टॉलमन यांनीं पुढें १९८३ सालीं मुक्त प्रणालींचा जो संकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशीं हा नकार होता असें ते स्वतःच सांगतात. आमच्याकडे इतकें कांहीं करावें लागलें नाहीं. भावजय चौकांत उभी राहून "कोणाचा कागद अडकलाय?" असें विचारते, आणि तें तिन्ही खणांत ऐकूं जातें.

शाईविषयीं दोन शब्द. आमचा प्रिंटर शाईच्या टाकीचा. लेझरचा घ्यावा असा पुतण्याचा आग्रह होता. परंतु लेझर यंत्र भुकटी तापवून कागदावर बसवितें, त्या क्षणीं वीज फार ओढतें, आणि आमच्या इन्व्हर्टरला तें झेपलें नसतें. शाईच्या यंत्राचा दोष हा कीं, वैशाखांत आठ-दहा दिवस तें वापरलें नाहीं तर त्याच्या नळ्यांचीं तोंडें सुकतात. म्हणून दर शनिवारीं एक रंगीत पान काढावयाचें असा नेम आहे, व तें पान बहुधा मारुतीच्या चित्राचें असतें. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८४१ सालीं पंचांग छापलें, तेव्हां सोवळ्याच्या लोकांना शाईंतील चरबीचा संशय येऊं नये म्हणून त्यांनीं शाईंत तूप वापरलें, असें सांगतात. आमच्या शाईच्या बाटलीवर काय काय लिहिलेलें आहे तें मीं भिंग घेऊन वाचलें. देवघरांत तो कागद चालावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या मातुःश्री असत्या तर अवश्य निघाला असता.

आतां मुख्य गोष्ट. माजघरांतील प्रिंटर हें उघडें तोंड आहे. त्यांतून जें बाहेर पडतें, तें ज्यानें पाठविलें त्याच्या हातीं जाण्यापूर्वीं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडतें. मोठ्या कचेऱ्यांतील प्रिंटरांत अशी सोय असते कीं, आपण स्वतः जाऊन ठराविक आंकडा दाबल्याविना कागद बाहेर येत नाहीं. आमच्या यंत्रांत ती नाहीं. पुतण्यानें दुसरीकडे नोकरीसाठीं केलेला अर्ज घरांत सर्वांना कळला तो असाच. तेवढ्यावरून पुतण्या दोन दिवस रुसला, व मला त्याचा राग योग्य वाटला. घर एक असलें तरी माणसाला झांकून ठेवण्याजोगें कांहीं असूं नये, हा आमच्या जुन्या पिढीचा आग्रह निर्दोष होता असें मीं कधींच मानलेलें नाहीं.

२०२२ च्या श्रावणांत एके सायंकाळीं धाकटा कचेरींतून आला, लॅपटॉप उघडला, आणि पाय धुवावयास गेला. इकडे माजघरांत प्रिंटर आपोआप चालूं लागला. कोणींहि आज्ञा दिलेली नव्हती. पुतणीनें पानें उचललीं. चार पानें होतीं, व पहिल्यावर ठळक अक्षरांत 'वाटणीपत्राचा मसुदा' असें होतें. झालें होतें तें असें: धाकट्यानें दुपारीं कचेरींत हा मसुदा छापावयास घातला, तेव्हां त्याच्या लॅपटॉपवर निवडलेला प्रिंटर घरचा राहिला होता. तो तेथें कोठून सांपडणार? मग त्यानें कचेरींतला प्रिंटर निवडून प्रत काढली व विषय विसरला. परंतु पहिली आज्ञा लॅपटॉपच्या रांगेंत तशीच उभी होती. घरचें जाळें दिसतांच ती पुढें सरली. माणसें विसरतात, रांगेंतलें काम विसरत नाहीं.

वाटणीची कल्पना कोणाच्या मनांत नव्हती असें नाहीं. धाकट्याचीं मुलें मोठीं होत होतीं, त्याला रस्त्याकडची बाजू हवी होती, आणि तो हें माझ्याशीं एकदोनदां आडून बोलला होता. त्यांत मला गैर वाटलें नव्हतें. परंतु पुतणी तीं पानें घेऊन माझ्याकडे आली ती वेगळ्याच कारणानें. म्हणाली, "मोठे काका, यात हिस्से तीनच आहेत. आत्या कुठं आहे?"

मीं चष्मा लावला. तिघां भावांना तिसरा तिसरा हिस्सा, आणि शेवटच्या पानावर बहिणीनें द्यावयाच्या हक्कसोडपत्राचा एक परिच्छेद, तीहि जणू संमति देऊन बसली आहे अशा थाटाचा. आमच्या बाजूला ही रीतच पडून गेली आहे: बहिणीला माहेरीं बोलवावें, लुगडें द्यावें, आणि सही घ्यावी. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें वडिलोपार्जित मालमत्तेंत जन्मानेंच हक्क दिला तो पुत्राला. आमच्या राज्यानें १९९४ सालीं तो मुलींना दिला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. आमची बहीण त्यांतच. पुढें ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशांत मुलगी मुलाप्रमाणें सहदायाद ठरली, तीं विवाहित असो वा नसो; आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत असाहि निर्वाळा दिला कीं, त्या दिवशीं वडील हयात असणें जरूर नाहीं. आमचे वडील तर त्यानंतर सहा वर्षें होते. पुतणीनें हें सारें मला उभ्या उभ्या सांगितलें. संस्कृतांतील व्यवहाराध्याय मीं शिकविला आहे. परंतु त्या दिवशीं विद्यार्थी मीच होतों.

धाकटा आला, त्यानें पानें पाहिलीं, आणि तो संतापला. "दुसऱ्याचं पत्र फोडून वाचावं तसं झालं हे, दादा," तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. पुतणीनें मथळा पाहून पानें पालथीं घालावयास हवीं होतीं, असें जर कोणी म्हणेल तर मी त्याच्याशीं वाद घालणार नाहीं. परंतु ज्या पत्रांत चौघांचें नशीब लिहिलेलें आहे तें एकट्याचें पत्र होतें काय, याचेंहि उत्तर त्यानें द्यावें. मधला कांहींच बोलला नाहीं. तो उठून गोठ्याकडे गेला. मीं धाकट्याला एवढेंच म्हटलें कीं, मसुदा तुझा आहे, तो तूंच अमरावतीला पाठव. मी पाठविणार नाहीं.

त्यानें तो पाठविला, आठ दिवसांनीं. याचें श्रेय त्याला दिलें पाहिजे. बहिणीचा मला फोन आला. ती रडेल किंवा रागावेल असें वाटलें होतें. ती शांतपणें म्हणाली, "दादा, हक्कसोडपत्र मी लिहून देणार नाही. वाड्यात मला काही नको. शेतातलं जे माझं येईल ते घेईन." शेजारपाजारच्या कांहीं वडीलधाऱ्यांना हें ऐकून फार वाईट वाटलें. बहिणीनें मागूं नये, मागितलें तर माहेर तुटतें, असें ते मला सांगावयास आले. मीं त्यांना चहा दिला. माहेर तुटावयाचें असेल तर तें न देणाऱ्यानें तुटतें, मागणारीनें नव्हे, असें माझें मत आहे, व तें मी त्यांना सांगितलेंहि. दिवाळीपर्यंत धाकटा माझ्याशीं कामापुरतेंच बोलत असे.

वाटणीपत्राचे आणखी पांच मसुदे झाले. ते सारे माजघरांत छापले गेले, आणि या खेपेस प्रत्येकानें ते उभ्यानें वाचले. शेवटचें पत्र २०२३ च्या मार्चमध्यें नोंदविलें गेलें. शेतांत चार हिस्से, वाड्यांत तीन. धाकट्याला रस्त्याकडची बाजू मिळाली व त्याची चूल वेगळी झाली. पत्राला जोडलेल्या यादींत भांडीं, लोखंडी कपाट, झोंपाळा व आडावरची मोटारदेखील होती. प्रिंटर कोणींच लिहिला नव्हता. तो राहून गेला कीं मुद्दाम वगळला, तें मला आजतागायत कळलेलें नाहीं. धाकट्यानें आपल्या बाजूला नवा राउटर घेतला, पण जुनी तार कापली नाहीं. खुंटीच्या भोंकांतून ती आणखी एक काढून त्यानें आपल्या बाजूस नेली.

शाईच्या हिशेबासाठीं प्रिंटरशेजारीं एक वही दोरीनें टांगलेली आहे. जो छापील त्यानें तारीख, नांव व पानें लिहावयाचीं. धाकटा दर पाडव्याला त्यावरून आंकडेमोड करून ज्याचे त्याचे पैसे सांगतो, आणि करसल्लागार असल्यामुळें एक पानहि सोडीत नाहीं. गेल्या दिवाळींत बहीण आली होती. फेरफार होऊन तिच्या नांवाचा वेगळा सातबारा निघाला होता. तिनें तो आपल्या फोनवरून माजघरांतच छापला, घडी करून पिशवींत ठेवला, आणि वही उघडून धाकट्याच्या नांवाखालीं स्वतःचें नांव व पुढें '१ पान' असें लिहिलें. धाकट्यानें पाडव्याला तिच्याकडून त्याचे दोन रुपये मागून घेतले.